टँकची टंचाई

ऑनलाइन खेळात माणूस एकटा का हिंडतो, हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी बीड जिल्ह्यात एखादी दुपार एकट्यानं बसून दाखवावी. बिंदुसरेच्या काठी बसा, कंकालेश्वराच्या पायरीवर बसा, नाहीतर बांधावरच्या लिंबाखाली बसा. पाच मिनिटांत कुणीतरी येणारच. "एकटेच बसलाव?" हा पहिला प्रश्न. "काय झालं?" हा दुसरा. काही झाल्याशिवाय माणूस एकटा बसत नाही, यावर जिल्ह्याचं एकमत आहे (बाकी कशावरच नसलं तरी). तिसरा प्रश्न कुण्या गावचे, चौथा कुणाच्यातले, आणि पाचव्यापर्यंत समोरच्यानं तुमच्या चुलत्याच्या मेव्हण्याशी स्वतःचं नातं जुळवून तंबाखू मळायला घेतलेली असते.

अशा जिल्ह्यात माझा एक भाचा वाढला. मूळ गाव शिरूर कासार तालुक्यात, मुक्काम बीड शहरात, जाहीर उद्योग स्पर्धा परीक्षेची तयारी. रात्रीची जेवणं उरकली की मात्र तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात असतो. हा खेळ २००४ साली निघाला आणि अजून चालू आहे. त्यात अझेरॉथ नावाचं आख्खं जग आहे. डोंगर, दऱ्या, ड्रॅगन, भुतं, आणि जगभरातली खरीखुरी माणसं, जी आपापल्या घरी बसून एकाच वेळी तिथं वावरत असतात. कुणी तलवार चालवतो, कुणी मंत्र टाकतो. आमचा पठ्ठ्या मासे धरतो.

तळ्याच्या काठी त्याचा बुटका, दाढीवाला योद्धा उभा असतो. पाठीवर ढाल, हातात गळ. गळ टाकायचा, पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाकडे डोळे लावायचे, ते डुचमळलं की पटकन बटण दाबायचं. मासा पिशवीत. परत गळ. ज्या तालुक्यात भर श्रावणात नदीत घोटा बुडेल याची खात्री नसते, तिथला पोरगा रोज रात्री काठोकाठ भरलेल्या तळ्यावर जाऊन बसतो, यात मला तरी वावगं काही दिसेना. पण कुतूहल होतंच. म्हटलं, "अरे, भुयारात शिरून राक्षस मारायचा खेळ ना हा?"

"त्याला पाच जण लागतेत, मामा."

'तारखेला कोर्टात जावं लागतंय' हे लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात तो हे बोलला.

भुयाराचं आम्हाला वावडं नाही. बीडच्या खजाना विहिरीचं पाणी निजामशाहीपासून भुयारातूनच वाहत आलंय. घोडं पाच जणांपाशी अडतं. या खेळात अशा भुयाराला डन्जन म्हणतात आणि आत शिरायला पाच जणांचा जथा लागतो. एक टँक, एक हीलर आणि तिघं मारणारे. टँकनं चिलखत घालून पुढं व्हायचं, राक्षसाला डिवचायचं, त्याचा सगळा राग स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांकडे त्याला वळू द्यायचं नाही. हीलरनं मागं उभं राहून टँकच्या जखमा मंत्रानं भरत राहायचं. उरलेल्या तिघांनी हाणायचं. तिघांवर जबाबदारी सगळ्यात कमी, म्हणून सगळ्यांना व्हायचं असतं तेच. टँक व्हायला कुणी पुढं येत नाही. रस्ता त्यानं दाखवायचा, वेग त्यानं ठरवायचा, आणि चुकलं की पहिली शिवीही त्यालाच. दुसरी हीलरला.

परिणामी मारणाऱ्यांची रांग लांबते आणि टँक मिळत नाही. भाचा एका रात्री वैतागून म्हणाला, "टँक येईना गेलाय." स्वयंपाकघरातून ताई हंडा घेऊनच बाहेर आली. "कवा येणारे? गेल्या खेपेला बी असाच रात्रीचा आला, निम्म्या गल्लीला पत्त्या नाही!" तिची समजूत काढून हंडा आत पाठवायला खेळात नंबर लागण्याहून जास्त वेळ लागला.

ही टंचाई खेळाच्या कंपनीलाही जाणवली होती. २०११ साली त्यांनी जाहीर केलं, की ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्याला जादा बक्षिसाची थैली मिळेल. तुटवडा बहुतेक वेळा टँकचाच निघायचा. टंचाई जाहीर करायची आणि वर अनुदान वाटायचं, हा प्रकार आम्हाला नवा नाही. अनुदान आलं की लाभार्थी कुठून कुठून उगवतात तेही माहीत आहे. थैलीसाठी टँक झालेले आणि ढाल कुठल्या हातात धरायची याचा पत्ता नसलेले वीर त्या काळात कसे भेटायचे, याच्या कहाण्या जुने खेळाडू अजून रंगवून सांगतात.

रांगेत थांबायला भाच्याची ना नाही. ज्या शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, तिथल्या पोराला वाट बघायला कुणी शिकवावं लागत नाही. त्याला धास्ती असते ती नंबर लागल्यानंतरची. डिसेंबर २००९ मध्ये या खेळात एक सोय आली. बटण दाबलं की संगणकच पाच अनोळखी माणसं जमवून थेट भुयाराच्या तोंडाशी नेऊन सोडतो. त्याआधी लोक गावठाणात उभं राहून 'हीलर पाहिजे, हीलर पाहिजे' असं ओरडायचे. निदान त्यात चार शब्द तरी व्हायचे. आता कुणी रामराम घालत नाही. आत शिरल्या क्षणी सगळे पळत सुटतात. त्यांना ते भुयार पाठ असतं, आणि जो पहिल्यांदा आलाय त्यानं तसं कबूल करायची सोय नसते. वर पडद्याच्या कोपऱ्यात एक यादी सरकत असते. कुणी राक्षसाला किती मारलं, आकड्यानिशी, उतरत्या क्रमानं. दहावीचा निकाल शेजाऱ्यांना आपल्याआधी कळावा, अशी ही योजना. राक्षस जिंकला तर पाचही जण मरतात, आणि मग पुन्हा जिवंत होऊन भुयाराच्या दारापासून पळत यायचं असतं. या पळण्यात तोंड मोकळंच असतं, त्यामुळं कुणाचं चुकलं याची चर्चा तेव्हा होते.

भाचा एकदाच टँक झाला. योद्ध्याला टँक होता येतं. ही गोष्ट तो हल्ली कुणाला कळू देत नाही. सर्व्हर युरोपातला, कारण भारतात या खेळाचा सर्व्हरच नाही. त्यानं बीडमध्ये ढाल उचलली की तिकडं ती जराशा उशिरानं उचलली जाते. राक्षसाला हे पथ्य माहीत नसतं. तरी पोरानं नेटानं शेवटच्या, सगळ्यात दांडग्या राक्षसापर्यंत सगळ्यांना नेलं. त्याला डिवचलं. राक्षस चवताळून अंगावर आला आणि लाईट गेली.

परळीचं औष्णिक वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. त्याचा यात काही दोष नाही. दोष असेल तर आमच्या भाओजींचा. त्यांनी इन्व्हर्टरवर देवघरातला दिवा घेतला, टीव्ही घेतला, राउटर घेतला नाही. लॅपटॉप चालू, इंटरनेट बंद. भाच्यानं मोबाइल शोधला, तो चार्जिंगला आजोबांच्या खोलीत, तिथं हॉटस्पॉट चालू केला, आणि परत जोडला जाईपर्यंत चौघं मरून पडले होते. यानं घाईघाईत इंग्रजीत लिहिलं, "सॉरी, लाईट गॉन." पोलंडचा एक जण म्हणाला, सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस वाढव. दुसऱ्यानं सांगितलं की इथं मशाल मिळते. तिसरा काही बोलला नाही, त्यानं याला काढून टाकायचा ठराव मांडला, आणि तो बहुमतानं मंजूर झाला. ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव आणायचा तर निदान आधी नोटीस तरी निघते.

जथ्यानं जाण्यातली गंमत काय आणि धोका काय, हे जगाला याच खेळातल्या एका चित्रफितीनं दाखवलं, ती मे २००५ मधली. ड्रॅगनच्या अंड्यांनी भरलेल्या दालनाबाहेर एक टोळी उभी आहे. कुणी आधी जायचं, कुणी कधी मंत्र टाकायचा, बारीक खल चाललाय. एक हिशेबी गृहस्थ वाचण्याची शक्यता ३२.३३ टक्के असल्याचं सांगतो. इतका वेळ जागेवर नसलेला लिरॉय जेन्किन्स तेवढ्यात परत येतो, स्वतःचंच नाव घेऊन आरोळी ठोकतो आणि एकटाच आत धावत सुटतो. नाइलाजानं बाकीचे मागोमाग. सगळे मरतात. शिव्यांचा पाऊस पडत असताना लिरॉय म्हणतो, माझ्याकडे निदान चिकन तरी आहे. ते नाटक ठरवून केलेलं होतं हे पुढं उघड झालं, तरी त्याची कीर्ती कमी झाली नाही. कुठल्याही गणेश मंडळाच्या बैठकीला एकदा बसलेल्या माणसाला लिरॉयची ओळख करून द्यावी लागत नाही. भाच्याला लिरॉयची भीती वाटत नाही. आपल्यालाच लोक लिरॉय समजतील, याची वाटते. इंटरनेटच्या दोन पट्ट्या कमी झाल्या की बीडचा कुणीही सज्जन माणूस परदेशातून लिरॉयच दिसतो.

या साऱ्यावर सगळ्यात जाणकार मत मात्र भाच्याच्या आजोबांचं. आजोबांनी तरुणपणी ऊस तोडला, पुढं बरीच वर्षं मुकादमकी केली. एका दुपारी भाचा यूट्यूबवर चाळीस जणांची रेड बघत होता. रेड म्हणजे मोठ्या राक्षसावरची मोठी मोहीम. सुरुवातीच्या काळात त्यासाठी चाळीस चाळीस माणसं एका वेळी हजर लागत. आजोबा मागं येऊन उभे राहिले आणि माईकवर ओरडणाऱ्या म्होरक्याचं बराच वेळ ऐकून घेतलं. भाषा कळायचा प्रश्न नव्हता, सूर ओळखीचा होता.

"हा मुकादम का?"

"व्हय आबा."

"किती कोयते?"

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. चाळीस अर्धे म्हणजे वीस. आजोबांनी मान डोलावली. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे पोरखेळ नव्हे. "उचल किती दिलीया ह्यानं?"

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, त्याआधी मुकादम अंगावर जी रक्कम देतो ती उचल. भाच्यानं सांगितलं की उचल वगैरे काही नाही, उलट यातला प्रत्येक जण दर महिन्याला स्वतः पैसे भरतो, तेव्हा खेळायला मिळतं. आजोबा खाटेवर बसले.

"पैसं भरून टोळीत जातेत?"

"व्हय."

"आन हजेरी?"

हजेरीचीही पद्धत होती. ड्रॅगन मारायला हजर राहिलं की गुण जमा, आणि मिळालेली तलवार कुणी घ्यायची ते त्या गुणांवर ठरायचं. 'एव्हरक्वेस्ट' या १९९९ सालच्या खेळात लोकांनी हा हिशेब बसवला आणि पुढं तो सगळीकडे गेला. आजोबांनी हे लगेच मान्य केलं. वहीशिवाय टोळी चालत नाही. मग त्यांनी धंद्यातला खरा प्रश्न विचारला. "मधीच कुणी पळून गेलं तर? खाडा कसा धरतेत?"

भाच्यानं सांगितलं, भुयारातून मधेच पळालं तर अर्धा तास दुसऱ्या टोळीत घेत नाहीत.

"अर्धा तास!" आजोबा म्हणाले आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. उसाच्या फडात एक दिवस कामावर गेलं नाही की खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात, मग अंगात ताप असो नाहीतर पाठीत लचक भरलेली असो, आणि उचल फिटेपर्यंत लॉग-आउटचं बटण नसतं. आयुष्यभर ज्यांनी दोन्ही बाजूंनी हा हिशेब पाहिला त्यांना अर्ध्या तासाच्या शिक्षेचं हसू येणारच. डोळे पुसून ते नातवाला म्हणाले, "तू करतूस ते बरोबर हाय. मासं धर."

असले खेळ खेळणाऱ्या माणसांवर विद्वानांनीही डोकं चालवलंय. १९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी मिळून खेळायचं पहिलं असं आभासी जग रचलं. त्यात चित्रं नव्हती, नुसता मजकूर. पुढं १९९६ मध्ये बार्टलनं खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत विभागणी केली. चौकट म्हणजे कमावणारे, त्यांना पदव्या आणि खजिना हवा. इस्पिक म्हणजे खणणारे, त्यांना प्रत्येक कोपऱ्यात काय आहे ते बघायचंय. बदाम म्हणजे गप्पिष्ट. किलवर म्हणजे दुसऱ्याला झोडपण्यातच ज्यांना सुख आहे ते. भाच्याला मी त्याचा पत्ता विचारला तर त्यानं जोकर मागितला.

पण २००६ साली निकोलस डुशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉरक्राफ्टचाच अभ्यास केला, त्यात भाचा सापडतो. त्यांचं म्हणणं असं, की हजारो लोकांच्या या खेळात माणसं बराचसा वेळ एकटीच खेळतात. इतर लोक त्यांना हवे असतात, पण सोबती म्हणून कमी, प्रेक्षक म्हणून आणि बघायला देखावा म्हणून जास्त. मी भाच्याला विचारलं, मग एकट्यानं खेळायचे गेम काय थोडे आहेत? तो म्हणाला, "तळ्यावर कुणीच नसलं तर करमत नाही मामा. लोकं समोरून जायला पायजेत. फक्त थांबायला नकोत."

हे लाजाळूपण म्हणावं तर तसंही नाही. हाच पोरगा मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळायचा तेव्हा बंद दुकानाच्या ओट्यावर चौघांच्या टोळीत बसून अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडायचा. "मागून आलाय, हाण त्याला!" २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा ओट्यावर सुतक पाळलं गेलं, आणि पुढच्या वर्षी तोच खेळ नवं नाव लावून आला तेव्हा पेढे. टोळी मोडली ती बंदीमुळं नाही. कॅप्टन कोण यावरून मोडली. बीडमध्ये चौघांत दोन गट पडायला निवडणूक जाहीर व्हावी लागत नाही. खेळ संपला तरी गट राहिले. एकाच्या बहिणीच्या लग्नात दुसऱ्या गटाला पत्रिका गेली नाही, आणि भाच्याला दोन्हीकडून विचारणा, तू नेमका कुणाकडचा? तेव्हापासून त्यानं गळ घेतला.

कंपन्यांनीही अखेर हात टेकले. 'फायनल फँटसी १४' या जपानी खेळानं २०१९ मध्ये भुयारात माणसांऐवजी संगणकाचे सोबती घेऊन जायची मुभा दिली. वॉरक्राफ्टनं २०२४ च्या जानेवारीत तेच केलं. माणसांना एकत्र आणायला बांधलेल्या जगानं वीस वर्षांनी माणसांवाचून चालवून घ्यायचं ठरवलं, आणि लोक खूश झाले. भाचा आता अधूनमधून या चार बाहुल्यांना घेऊन आत जातो. त्यांच्याबद्दल तो आदरानं बोलतो. थांब म्हटलं की थांबतात. तलवार सापडली तर 'मला पाहिजे' म्हणत नाहीत. वाटेत एखादं चित्र बघत उभं राहिलं तर कुणी खाकरत नाही. लाईट गेली तरी ठराव होत नाही.

मला वाटलं आता मिटलं. गेल्या खेपेला गेलो तेव्हा भाचा जेवायला उठला होता आणि त्याच्या खुर्चीवर आबा होते. मासे धरण्यात त्यांचा हात बसला होता. बोंड हललं की बटण, चूक नाही. मी शेजारी बसलो. तळ्यावरून एक शिंगंवाला चालला होता, त्यानं वाकून नमस्कार केला. नातू असता तर पाठ फिरवली असती. आबांनी मला विचारलं, "नमस्कार कुठून करतेत?" मी बटण दाखवलं. त्यांनी केला. तो थांबला. आणखी एक आला, तोही थांबला, मग तिसरा. पडद्यावर एक चौकोन उघडला. 'टोळीत येता का' असा त्याचा मतलब मी वाचून दाखवायच्या आत आबांनी होकाराचं बटण दाबलं होतं. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची त्यांना सवय नाही.

भाचा हात पुसत आला तोवर डाव्या बाजूला चार नावं लागलेली आणि खाली मजकूर पळत होता. योद्धा दिसला म्हणून ते लोक हरखले होते. टँक मिळाला, टँक मिळाला. पाचवाही वाटेत होता.

"चला, कोयते जमले," आबा खुर्चीवरून उठत म्हणाले. "मोहरं व्हायला माणूस पायजे म्हणतेत. बस."

भाच्यानं पडद्याकडे पाहिलं, डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुमचं इंग्रजी बरं आहे. लाईट गेली म्हणून लिहा ना."